ताईच्या तक्त्यातली शेवटची ओळ

ताई निवृत्त झाली आणि मोडीच्या वर्गाला जाऊ लागली. आयुष्यभर मुलांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाईला आता इंग्रजी अमदानीतल्या कारकुनांचं अक्षर लावायचं होतं. आमच्या गावच्या जमिनीचे जुने फेरफार स्कॅन होऊन साइटवर आले होते. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की ही नोंद होते: अमुक मयत, वारस तमुक. एकामागून एक लावत गेलं की घराणं हाती लागतं.

"तू काढ, मी वाचते," ती म्हणाली. परदेशात, बिशान भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून मी हो म्हणालो. तेव्हाच काहीतरी सबब सांगायला हवी होती, कारण त्या साखळीतली शेवटची नोंद माझी होती.

दर रविवारी माझ्याकडे अकरा वाजले, म्हणजे तिच्याकडे साडेआठ, की फोन यायचा. मी आदल्या दिवशी पाठवलेलं पान तिने लावून ठेवलेलं असे. खापरपणजोबांपासून आम्ही एकेक पिढी खाली उतरत होतो. तिने भिंतीवर एक तक्ता लावला होता.

"पणजोबांना तीन बहिणी होत्या, आत्याआजी सांगायची. कागदात एक नाही. आपल्या घरातले पुरुष काय आभाळातून पडले का रे?"

मी हसलो. ती मात्र त्या तिघींची नावं तक्त्यात पेन्सिलीने घालत होती. फोन ठेवताना नेहमीचा प्रश्न, "काही खाल्लंस का?"

आजोबांची नोंद झाली. मग वडिलांची. त्या आठवड्यात जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तिचा मेसेज आला: 'आता आपली पाठव.' गेटवर पास दाखवायचा, तो माझ्या हातातच होता. तरी मी बॅग उलथीपालथी करत होतो.

रविवारी सांगितलं, साइट बंद आहे. पुढच्या रविवारीही तेच.

"मग मीच जाते गावी," ती म्हणाली. "उद्या नऊची एसटी आहे. तलाठ्याकडून नक्कल घेते. तेवढाच तक्ता पुरा होईल."

"जाऊ नकोस, ताई."

"का?"

"तुझं नाव नाहीये त्यात."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"चुकून राहिलं?"

"नाही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मीच केलं होतं."

वडील गेले तेव्हा वेळ नव्हता, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. चार दिवसांची रजा, परतीचं तिकीट, बहिणीच्या सह्या, तिची कागदपत्रं. तहसीलबाहेरचा टायपिस्ट म्हणाला होता, "बहिणीचं नाव घालू नका, साहेब, लांबतं." खरं म्हणजे वेळ होता. ताई दोन तासांच्या अंतरावर राहत होती. मागितली असती तर सही तिने हसत दिली असती. मला मागायचं नव्हतं. जमीन माझी आहे, असं मला मनातून वाटत होतं. तिला मी एवढंच सांगितलं, "झालं सगळं." तिने कधी सातबारा उघडून पाहिला नाही.

"कधी केलंस?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

"त्या दुपारी तू माझ्याकडे जेवायला आलास. मी सुरळीच्या वड्या केल्या होत्या."

"हो."

"वाच."

"काय?"

"लिहून दिलंस ते. मोडी मी वाचली, हे तू वाच."

प्रत माझ्या कपाटातच होती. मी काढली आणि वाचली. शेवटचं वाक्य होतं, 'याशिवाय मयतास अन्य कोणीही वारस नाही.' आवाज कसा झाला असेल कोण जाणे. माझी मुलगी टोस्ट हातात घेऊन दारात थबकली. "बाबा, हू डाइड?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

फोन केव्हाच बंद झाला होता.

त्यानंतरचे दोन रविवार ताईने फोन उचलला नाही. मी दुरुस्तीचा अर्ज आणि नवं प्रतिज्ञापत्र तयार केलं. इथल्या उच्चायुक्तालयात साक्षांकन करून घ्यायचं होतं, अपॉइंटमेंटही मिळाली. पण बहिणीचं आधारवर असेल तसं नाव आणि पत्ता लिहायचा होता, आणि तो मला माहीत नव्हता. तिच्या नव्या घरी मी फक्त मॅपवर बघत पोचलो होतो. दुरुस्ती करतोय, नाव-पत्ता हवा, असा मेसेज केला.

तिसऱ्या रविवारी, अकरा वाजता, तिचाच फोन आला.

"लिही," ती म्हणाली, आणि वर्गात सांगावं तसं एकेक शब्द सावकाश सांगू लागली. नाव. नवऱ्याचं नाव. इमारत, रस्ता, पिनकोड. मी लिहीत गेलो.

"वाचून दाखव."

मी वाचलं.

"दुसरा मजला राहिला."

मी तो घातला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. काही खाल्लं का, ते विचारलं नाही.