मुक्या हिरड्या

माझ्या आईचे सगळे दात पडले, पण एकदाही दुखलं नाही, हे ती अजून कौतुकाने सांगते. एक तर भाकरीच्या घासात आला. खडा समजून तिने तो ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिली. सगळं मिश्रीचं पुण्य म्हणे. तव्यावर तंबाखू काळी पडेस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना घासायची. माझी डबीही कात्रजहून तीच भरून पाठवते.

मी पंचवीस वर्षं घासली. मग एका सकाळी पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसली. आदल्या दिवशी नव्हती, शप्पथ. जिभेने ढकललं तर दोन्ही दात हलले. सूज नाही, ठणका नाही, रक्ताचा टिपूस नाही. आरशात आईचं तोंड होतं, माझ्या अंगावर.

विश्रांतवाडीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीत बारीक सळई सरकवली आणि आकडे म्हणायला लागल्या. पाच. सात. आठ मिलिमीटर. सळई एवढी आत जात होती आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"रक्त येत नाही म्हणून लोक खूश असतात," त्या म्हणाल्या. "तंबाखूने रक्तवाहिन्या आवळल्यात. आत हाड झिजतंय आणि हिरडी मुकी बसलीये. मुळापर्यंत साफ करते. मिश्री सोडलीत तर पुढचे दोन वाचतील कदाचित. सोडायची नसेल तर येऊ नका, उगाच दोघींचा वेळ जातो."

सोडली. भरलेली डबी मात्र टाकवेना, आईच्या हातची. मोरीवरच्या फळीवर ठेवून दिली.

पाचव्या सकाळी ब्रश लाल झाला. चूळ भरली तर बेसिनभर लाल पाणी. पंचवीस वर्षांत थेंब नाही आणि सोडल्यावर हे! मती फिरली माझी. डबी काढून हातात घेतली, पण झाकण उघडण्याआधी बाईंना फोन लावला.

"येऊ द्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "हिरडी आता बोलायला लागलीये. हलक्या हाताने घासत राहा, हळूहळू थांबेल. डबी फेका."

ही आता फेकायचीच, असं ठरवून वळले, तर दारात मुलगी. खराडीच्या ऑफिसला निघालेली, पाठीला लॅपटॉपची बॅग.

"काय गं आई, एवढी पॅनिक होतेस? सोडून काय मिळालं? मला बघ, कधी एक थेंब येत नाही."

मी झाकण उघडलं. पाच दिवस मी त्या डबीला हात लावला नव्हता. ती निम्मी झाली होती, आणि मिश्रीत बोटाचा ताजा खड्डा होता, माझ्या बोटाहून बारीक.

"आ कर," मी म्हणाले.

ती ओठ मिटून हसली.