रंभाबाईंची साक्ष

पौडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी होतात. ज्याला वाटेल त्याने उभं राहावं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. मी आजवर दोनदाच उभा राहिलो, आणि दुसऱ्या वेळी वाक्य अर्धं टाकून खाली बसलो. रंभाबाई मात्र एकही रविवार सोडत नसत. त्यांच्याबद्दल लिही, असं पाळकसाहेब म्हणाले. जमेल तसं लिहितो.

रंभाबाई लवळ्याला एका वसतिगृहाच्या खाणावळीत भाकऱ्या करतात. हाताला चव आहे, पण जीभ तिखट. तिथली मुलं ऐकून घेतात, खाऊन निघून जातात. सून राणी कुठे जाणार?

फेब्रुवारीत रंभाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "प्रभूनं माझी जीभ पार बदलली. आता माझ्या त्वांडातनं वाकडा शब्द येत न्हाई."

बायकांच्या रांगेतून राणीने विचारलं, "कवापासनं?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. रंभाबाईंनी पदर पुन्हा सारखा केला. मग हळूच बसल्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने, सुनीलने, भुकूमला खोली बघितली. तिथल्या नव्या इमारतींत तो वायरमन आहे. काम जवळ पडेल, असं तो सांगे. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात दोघं जाणार होती. रंभाबाईंना ना नवरा, ना दुसरं मूल.

मग त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. आठ दिवस अक्षर बोलल्या नाहीत. राणी सुनीलला म्हणाली, "त्वांड बंद हाय, पण भांडी बोलत्यात."

एका बुधवारी मी प्रार्थनेच्या सतरंज्या झाडत होतो, तेव्हा रंभाबाई आल्या आणि प्रार्थनाघराच्या पायरीवर बसल्या.

"दादा, देव मला का बदलंना? मी रोज मागती की."

जाणत्या माणसाने एखादं वचन सांगितलं असतं. मी आपलं विचारलं, "काय मागता?"

"हेच की, मी सुधारले हे राणीला कळू दे."

सतरंजीचा सुटलेला दोरा कितीतरी वेळ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी बदल मागतच नव्हते. लोकांत नाव मागत व्हते."

त्यांनी तिथेच डोळे मिटले. "प्रभू, माझ्याच्यानं व्हत न्हाई. आता तू कर. तुला जसं करायचं तसं कर. माझी लाज गेली तरी चालंल."

घरी जाऊन त्या राणीला म्हणाल्या, "मी सुधारले म्हणाले ती बढाई व्हती. इथनं पुढं माझी जीभ सुटली की तितंच मला टोक."

"टोकलं तर सोसंल?"

"न्हाई सोसायचं. तरी टोक."

पहिल्याच दिवशी राणीने सात वेळा टोकलं. सातव्यांदा रंभाबाई भडकल्या, "आता गप बस की गं, भवाने!"

"हे आठवं," राणी म्हणाली.

मार्च गेला, एप्रिल गेला. राणीने हंडे-कळश्या पोत्यात बांधून दाराशी ठेवल्या होत्या. रंभाबाई त्या पोत्याला वळसा घालून ये-जा करत. राहा म्हणून त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते आपण देवावर सोपवलंय, एवढंच मला म्हणाल्या.

मेच्या पहिल्या रविवारी साक्षीची वेळ झाली आणि सगळ्यांनी सवयीने रंभाबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत बसून राहिल्या. उठली ती राणी. ती याआधी कधी उठली नव्हती. तिचा आवाज पुढच्या रांगेलाही ऐकू जाईना.

"अगं, मोठ्यानं बोल की! त्वांडात काय गूळ धरलाय?" रंभाबाई मागून ओरडल्या.

राणी वळली. "आत्या."

रंभाबाईंनी झटकन स्वतःचा कान धरला. भर मंडळीत, पोराबाळांच्या देखत. पुन्हा सगळे हसले, पण या वेळी रंभाबाईही हसल्या.

मग राणी मोठ्याने बोलली. "परवा माझ्या हातनं समदं दूध उतू गेलं. आत्या उठल्या, त्वांड उघडलं, आन तशाच अंगणात गेल्या. तितं काय बोलल्या ते त्यांना आन देवाला म्हाईत. आत आल्या त्या फडकं घेऊन. मी वरनं पुसलं, त्यांनी खालनं. भुकूमच्या खोलीला आमी न्हाई म्हणून कळवलंय. एवढंच सांगायचं व्हतं."

सभा सुटल्यावर मी कुलूप लावत होतो. रंभाबाई चपला शोधता शोधता म्हणाल्या, "दादा, पुढल्या महिन्यात मी उठू का मग साक्षीला?"

मी तोंड उघडायच्या आत राणी म्हणाली, "घाई नगं, आत्या."

"बरं बाई," म्हणून रंभाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी घराकडे चालू लागल्या.