बारवेतली घुंगरं

आमच्या गोदीला बारवेपासून लांब ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या उन्हाळ्यात बारवेत कोण पडलं असं कुणी विचारलं की माय शेवटपर्यंत माझ्याकडेच बोट दाखवायची.

निजामाचं राज्य होतं. दिवस फार बिघडायच्या आधीची गोष्ट. उदगीरच्या अलीकडे आमचा मळा आणि मळ्यातच घर. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. तो शुक्रवारच्या सुट्टीला घरी यायचा. मी मॅट्रिक नापास होऊन घरी बसलो होतो. (पेपर उर्दूत होते म्हणून नापास झालो, असं मी सगळ्यांना सांगायचो. मराठीत असते तरी काही फरक पडला नसता!) गोदी ही दादाची मुलगी. तीन-साडेतीन वर्षांची, काडीसारखी बारीक, आणि जगातल्या प्रत्येक प्राण्याला भाकरी खाऊ घालायची तिला हौस. कोंबड्या, वासरू, भिंतीवरची पाल, बारवेतलं म्हातारं कासव, कुणीही उपाशी राहता कामा नये.

बारव परसाच्या कडेलाच होती. जुन्या दगडी पायऱ्या, मध्ये एक वळण, आणि वळणाखाली भर उन्हाळ्यातही अंधार. वळणापाशी कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड. त्या सातीआसरा, पाण्यातल्या बाया. भर दुपारी बाराला त्या वर येऊन बसतात, त्या वेळी कुणी पाण्याला जायचं नाही, असा मायचा कायदा होता. दार मात्र नव्हतं. तोंडाशी बाभळीची एक फांदी टाकलेली असायची, आणि तिच्याखालून कोंबडी जाऊ शकत होती. म्हणजे गोदीही जाऊ शकत होती.

"दत्तू, तुला दुसरं काही येत न्हाई," दादा जाताना म्हणाला, "तेवढी पोरीवर नजर ठेव."

नजर ठेवणं हे फार कंटाळवाणं काम आहे. दोन दिवसांत माझे डोळे दुखायला लागले. आणि मग मला एक युक्ती सुचली. नजर कशाला हवी? कान पुरेत! मी उदगीरच्या बाजारातून वासराच्या गळ्यातली घुंगुरमाळ आणली आणि गोदीच्या कमरेला बांधली. माळा जोडीनंच विकत होते, म्हणून दुसरी खुंटीला अडकवली.

वहिनी चुलीपुढून उठून बघायला आल्या.

"भावजी, पोरगी हाय का वासरू?"

"बंदोबस्त आहे वहिनी, पक्का बंदोबस्त! आता पोरगी कुठं आहे ते घरबसल्या कळणार."

"आन् तुमी काय करणार?"

"मी ऐकणार."

मी कडुनिंबाखाली बाज टाकली आणि ऐकायला लागलो. छुम छुम गोठ्याकडे, छुम छुम अंगणात. इतकं छान ऐकू यायचं की ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. उठलो की पुन्हा छुम छुम. कचेरीतल्या साहेबालाही एवढं सुख नसेल.

एके दिवशी उठलो तर गोदी समोर उभी, आणि कमरेला माळच नाही.

"माळ कुठाय गं?"

"दिली."

"कुणाला?"

"त्येला," असं म्हणून तिनं जगभर हात फिरवला. आम्ही गोठा पाहिला, कडब्याची गंजी पाहिली, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. माळ मिळाली नाही. बारीक पोर, सैल माळ, कुठंतरी सटकली असेल म्हणून आम्ही विषय सोडला. खुंटीवरची दुसरी काढून बांधली आणि मी पुन्हा ऐकायला लागलो.

दोनेक दिवस गेले. भर दुपार होती. ओसरीवर गोदी वहिनींच्या मांडीवर गाढ झोपली होती, माय सुपात ज्वारी पाखडत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि तेवढ्यात आवाज आला.

छुम.

मायचं सूप थांबलं. आम्ही तिघांनी एकदमच गोदीकडे पाहिलं. तिच्या कमरेची माळ निपचित पडली होती.

छुम... छुम छुम...

आवाज बारवेतून येत होता. खालून, वळणाच्याही खालून. कुणीतरी दगडावरून अगदी सावकाश चालावं, थांबावं, पुन्हा एक पाऊल टाकावं, असा. मग एकदम डुबुक झालं, आणि पुढे काही नाही. ती शांतता त्या घुंगरांपेक्षा वाईट होती.

"आसरा!" माय कुजबुजली. "पोरीची माळ त्यांनीच नेली. घालून बसल्यात माझ्या बाया!"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आमच्याकडे पाण्याला येणाऱ्या बायका लांबच्या आडावर जायला लागल्या. मायनं ओटी भरायचं ठरवलं. हिरवा खण, हिरव्या बांगड्या आणि दहीभात घेऊन ती सकाळच्या उन्हात बारवेत उतरली आणि शेवटच्या पायरीवर सगळं मांडून मागे न बघता वर आली. दुसऱ्या सकाळी भीतभीत जाऊन पाहिलं, तर खण जागेवर, बांगड्या जागेवर, आणि दहीभाताचं पान चाटूनपुसून साफ!

"जेवल्या!" माय वर येऊन धापा टाकत म्हणाली. "बाया पोटभर जेवल्या!"

(मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण त्या दिवसापासून मी बाज निंबाखालून उचलून घराच्या भिंतीला लावली. तिथं सावली चांगली होती म्हणून.)

वहिनींना मात्र हे पटत नव्हतं. एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "आत्याबाई, एक सांगू? माळ पोरीच्या कमरंला होती. मग ती पाण्यात गेली कशी?"

"बायांनी नेली म्हणलं न्हवं!"

"वर येऊन नेली? आन् भावजी तर निंबाखालीच होते. तुमी बघिटलं का भावजी काई?"

हा प्रश्न मला मुळीच आवडला नाही. कारण तो बायांकडून सरळ माझ्या बाजेकडे निघाला होता. मी घाईघाईनं म्हणालो, "वहिनी, आसरांना काय अशक्य आहे? त्या दिसत नसतात!" अशा रीतीनं घरातला एकमेव शिकलेला माणूस आसरांच्या बाजूनं उभा राहिला आणि तो प्रश्न तिथंच विझला.

गुरुवार उजाडला. दादा संध्याकाळपर्यंत सुट्टीला येणार होता. बारवेत घुंगरं वाजतात आणि तू काय केलंस, असं तो विचारणार हे नक्की होतं. तेव्हा मी जेवणं झाल्यावर, वहिनी गोदीला थोपटत असताना, कुणाला न सांगता बारवेत उतरलो. हातात काठी होती. काठीनं आसरांचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

वरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. वळणापाशी ते संपलं. सात दगडांवरचा शेंदूर ओलसर दिसत होता. आत पारवे घुमत होते. मी वळण घेतलं तसे ते एकाएकी गप्प झाले. माझाच श्वास समोरच्या भिंतीवरून परत येत होता, जरा उशिरानं, म्हणजे आत आणखी कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा. पाणी काळं आणि स्थिर होतं.

शेवटच्या पायरीवर गाळ साचला होता. गाळात पावलं होती.

एवढीशी पावलं. पाचही बोटं उमटलेली. जुनी वाळलेली, नवी ओलसर, जाणारी, येणारी, एकावर एक. आणि पायरीच्या अगदी टोकाला दोन गुडघ्यांचे ठसे, त्यांच्यापुढे दोन तळहातांचे. कुणीतरी तिथं गुडघे टेकून पाण्यावर वाकत होतं. शेजारी भाकरीचा एक तुकडा पडला होता.

माझ्या डोक्यात काहीतरी सावकाश शिरू लागलं होतं. ते पूर्ण शिरायच्या आत समोर, पायरीच्या काळोख्या कोपऱ्यात, घुंगरू वाजलं.

छुम.

मी काठी उगारली. आणि मग माझ्या पाठीमागे, वरच्या पायऱ्यांवरून, कुणीतरी उतरत येऊ लागलं. छुम छुम. छुम छुम.

पुढेही घुंगरं, मागेही घुंगरं! मी दोन्हीकडे एकदम बघायला गेलो, पाय शेवाळावर पडला आणि काठीसकट पाण्यात गेलो. आत हाताला काहीतरी लागलं. ते टणक होतं, जिवंत होतं, त्याला चार हात होते आणि ते घुंगरं वाजवत मला ढकलत होतं! मी तोंडात बारवेचं अर्धं पाणी घेऊन वर आलो, कपारीतला एक दगड धरला, आणि पाहिलं तर माझ्या दुसऱ्या हातात कासव. त्याच्या पाठीवर, पुढच्या पायांमागे घट्ट बसलेली, गोदीची पहिली माळ.

"काका, माजं कासव सोड की!"

गोदी शेवटच्या पायरीवर उभी होती. हातात भाकरी. पायरीच्या अगदी टोकावर, त्याच गुडघ्यांच्या ठशांवर.

तोवर मी पाण्याला घाबरत होतो, बायांना घाबरत होतो. ते सगळं एका क्षणात पळालं. मला पोहता येत नव्हतं, आणि शेवाळलेल्या पायरीवर हात ठरत नव्हता. ती पडली असती तर मी हातभर अंतरावरून नुसता बघत राहिलो असतो. आजही ती टोकावरची बोटं मला दिसतात.

"गोदे, मागं हो! बस खाली!"

"हात दे काका. मी वडते तुला." आणि ती वाकली.

माझं न ऐकणाऱ्यांची त्या घरात रांग होती, आणि गोदी त्यात सगळ्यात लहान. ओरडून उपयोग नव्हता. मी आवाज शक्य तितका गोड केला. (नाकातून पाणी येत असताना आवाज गोड करून बघा!) "गोदे, कासवाला तुझी माळ ऐकायचीय. मागच्या पायरीवर बसून वाजव बरं. उठायचं नाही. लई जोरात!"

तिला हे पटलं. मागच्या पायरीवर फतकल मारून बसली आणि कंबर हलवून माळ वाजवायला लागली. मी मनात म्हटलं, वा! आता घरी ऐकू जाईल, लोक धावत येतील. शेवटी माझी युक्तीच कामाला आली.

वर माळ ऐकू गेली. इतकी जोरात ती आजवर कधी वाजली नव्हती. ती ऐकून मायनं काय केलं? घराचं दार लावलं!

मी ओरडलो. बारवेत माझा आवाज चारी भिंतींना धडकून असा काही घोगरा होऊन वर गेला, की मला स्वतःलाच भीती वाटली. थोड्या वेळानं दार किलकिलं झाल्याचं ऐकू आलं. मायनं लांबूनच विचारलं, "माय हो, काय चुकलं का आमचं? काय पायजे ते मागा. लुगडं देते, चोळी देते!"

"दोर दे!" मी बोंबललो. "दोर!"

 मग मायचा आवाज, कुणाला तरी सांगणारा: "दोर? बायांनी दोर कवा मागिटलाय? आगं सूनबाई, ही तर गड्याची बोंब हाय!"

पण सूनबाई तिथं नव्हत्या. त्यांची डुलकी मोडली होती आणि गोधडीवर गोदी नव्हती. आसरा, दुपार, मायचा कायदा, काही काही न आठवता त्या पायऱ्यांवरून अनवाणी धावत आल्या. त्यांनी मुलीला छातीशी धरलं, वर नेलं, मायच्या मांडीवर दिलं आणि मगच दोर घेऊन माझ्याकडे परत आल्या. मधला वेळ मी आणि कासवानं एकमेकांकडे बघत काढली.

 वर आल्यावर वहिनी गोदीला घट्ट धरून माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दादा आला. सगळं ऐकून एकटाच बारवेत उतरला आणि बराच वेळ खाली होता. वर आला तेव्हा त्याच्या हाताला गाळ लागला होता. त्या पावलांशेजारी त्यानं हात टेकवून पाहिला असावा.

"दत्तू," तो सावकाश म्हणाला, "माळ वाजली की पोरगी कुठाय ते कळतं. आन् वाजायची थांबली की काय कळतं?"

मॅट्रिकच्या पेपरातही मी इतका कोरा कधी राहिलो नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून बारवेच्या तोंडाला दार बसवायला घेतलं, कडी गोदीच्याच काय, माझ्याही हाताला मुश्किलीनं पुरेल अशी. दार तयार होईपर्यंत राखणीचं काम माझ्याकडेच राहिलं. मात्र दादानं गोदीच्या कमरेची माळ सोडली आणि वहिनींकडे दिली. वहिनींनी ती माझ्या कमरेला बांधली! मी बारवेच्या तोंडाशी बसून अंग हलवत राहायचं. माळ जरा थांबली की चुलीपुढून आवाज यायचा, "भावजी, झोपलाव का?"

परवा नांदेडला घाटावर गेलो होतो. गोदीची नातवंडं पायरीवर पाणी उडवत होती आणि केस पिकलेली गोदी साडी खोचून त्यांच्या पुढच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभी होती. मी म्हटलं, "तू बस जरा, मी बघतो पोरांकडे."

"नको काका," ती पोरांवरची नजर न हलवता म्हणाली. "तुमी वरच बसा. आन् जरा खाकरत ऱ्हावा, म्हंजे कळंल मला."