समुद्रकाठचं खळं

आमच्या सासऱ्यांचं साऱ्या जगाशी एकच भांडण आहे: ते झाडलेलं नाही. कुरुंद्याला त्यांचं घर आहे, हळदीचं वावर आहे, देवाने सगळं दिलं आहे. पण रस्त्यात कागदाचा कपटा दिसला की या माणसाचं डोकं फिरतं. खराटा त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडतो. औंढ्याला पुतण्याच्या लग्नात अक्षता पडल्या, लोक पंगतीकडे धावले, आणि हे मांडवात वाकून तांदूळ गोळा करत मुलीच्या बापाला सुनावत होते, "अन्न हाय हे, पायाखाली काहून घालून राहिले?" एकदा आमच्याकडच्या गोरेगावच्या जीपमधून कुणी केळीची साल बाहेर भिरकावली, तर यांनी जीप थांबवली, त्याला उतरवून साल उचलायला लावली आणि हिंगोली येईस्तोवर ती त्याच्याच मांडीवर ठेवली. खळ्याबद्दल तर बोलायलाच नको. खळ्यात चप्पल घालून जायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. पण मळणीयंत्र घेऊन आलेल्या माणसाला बूट काढून अनवाणी उभं करणारे आमचे सासरेच.

सासूबाईंनी जन्मात एकदाच काही मागितलं. गुडघे पुरते जायच्या आत समुद्रात पाय बुडवायचे, बस्स. "हळद निघू दे," असं म्हणत सासऱ्यांनी ते वर्षानुवर्षं ढकललं. शेवटी मी आणि बायकोने गाडी ठरवली आणि दोघांना कोकणात घेऊन गेलो. हाताशी एकच दिवस होता. किनाऱ्यावर पोचलो आणि बघतो तर काय! आदल्याच आठवड्यात समोरच्या पाण्यात एक मालवाहू जहाज फुटलं होतं, आणि त्यातल्या खोक्यांमधल्या थर्माकोलचा भुगा होऊन साऱ्या वाळूत कालवला गेला होता. जिकडे पाहावं तिकडे पांढरे दाणे. पोलिसांनी दोरी बांधली होती. सहलीच्या लोकांना आत मज्जाव, फक्त सफाईला येणाऱ्यांना मोकळीक. सासूबाईंनी दोरीपलीकडचं पाणी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी पाणी पाहिलंच नाही. त्यांची नजर केरावर खिळली होती.

"ह्याचा मालक कुठाय?" त्यांनी तिथल्या साहेबाला विचारलं. "आमच्यात दुसऱ्याच्या वावरात गाडी उलटली तर दाणा न् दाणा येचून, जागा झाडून, मंगच बैल जुपत्यात. त्याला बलवा." साहेब बिचारा सांगू लागला की जहाज एका देशात नोंदलेलं, मालक दुसऱ्या देशातला, खलाशी तिसऱ्याच, आणि पत्रव्यवहार चालू आहे. "म्हंजे घाण तेवढी आपली व्हय?" सासरे म्हणाले. खोटं कशाला सांगू, मीही पेटलो. कुठल्या तरी परदेशात गार खोलीत बसलेल्या माणसाचा कचरा कॉलेजची पोरं आणि कोळणी भर उन्हात उपसत होत्या, आणि एक पुढारी हातमोजे घालून फोटो काढून घेत होता! सासऱ्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून आणलेला खराटा बाहेर काढला, दोरीखालून आत शिरून वाळूवर एक मोठा गोल आखला आणि जाहीर केलं, "हे खळं हाय." पुढारी फोटोसाठी त्या गोलात शिरला, तेव्हा त्याला बूट बाहेर काढून यावं लागलं. वाळू तापलेली होती, त्यामुळे फोटो लवकर आटोपला.

आता खळं म्हटल्यावर उफणणी आलीच. वारा किनाऱ्याच्या कडेकडेने वाहत होता. "असा वारा कुरुंद्याला असता तर!" असं म्हणून सासऱ्यांनी एका कोळणीकडून सूप मागून घेतलं, वाळू भरली आणि डोक्यावर धरून संथपणे सोडायला लागले. वाळू खाली पडली, थर्माकोल उडाला. इतकं झकास उफणत होते की पोरंसुद्धा काम सोडून बघत राहिली. पण जन्मभर ज्याने दाणा खाली घेतला आणि भुसा वाऱ्यावर सोडला, त्याला भुसा जातो कुठे हे बघायची सवय कशी असणार? इथे तर तो भुसाच धरायचा होता. तो पोरांनी सकाळपासून साफ केलेल्या वाळूवर पसरला आणि तिथून थेट वाळत घातलेल्या मासळीवर. सूपवाली कोळीण धावत आली. "ओ बाबा, आम्ही मासळी विकायची की तुमचं थर्माकोल?" सासऱ्यांची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ते मुकाट्याने मासळीवरचे दाणे टिपायला बसले.

मार्ग काढला सासूबाईंनी. पिशवीतून जास्तीचं लुगडं काढून त्या म्हणाल्या, "अवो, आडोसा धरू आमी. तुमी उफणा." लुगड्याचं एक टोक वरच्या कोरड्या वाळूत माझ्या बायकोने धरलं, दुसरं घेऊन सासूबाई पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. आता दाणे लुगड्यावर आपटून खाली पडत आणि मी ते गोणीत भरत होतो. हळूहळू भरती चढली. पाणी सासूबाईंच्या पायांपर्यंत आलं, मग घोट्यांवर आलं. सासऱ्यांचं लक्ष गेलं तसे ते ओरडले, "मागं सर! भिजून राहिलीस ना!" सासूबाई तसूभर हलल्या नाहीत. "भिजू द्या," त्या म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या सावकाश." एवढं मोठं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. ते पाहून सासऱ्यांच्या हातातलं सूप थांबलं, मग पुन्हा चालू झालं, जरा जास्तच सावकाश.

संध्याकाळी निघताना लाटांनी नवे दाणे आणून आमच्या खळ्यात ओतले. सासऱ्यांनी खराटा पुन्हा धोतरात गुंडाळला. आता सासूबाईंना ओसरीवरून अंगणात यायलाही आधार लागतो. समुद्राचा विषय निघाला की त्या पायांखालून वाळू कशी सरकते ते येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगतात, थर्माकोलचं नावही काढत नाहीत. सासरे मात्र अजून फोन करून मला विचारतात, "जावाईबापू, त्यो मालक आला का झाडायला?" मी नाही म्हणतो. मग त्यांच्या तोंडचा पट्टा सुटतो, जहाज, साहेब, पुढारी, कुणी सुटत नाही. परवा मध्येच ते थांबले. ओसरीवर ऐकू जाऊ नये अशा बेताने आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा एकच दिवस व्हता हो."