पाठीला लागणारा आवाज

जुना बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकरचा खोका घ्यायला मी भोकरदनला गेलो होतो. विकणारे काका लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. डीजे आले आणि त्यांचं काम सुटलं. मी गिटार जोडून तार छेडली, तर ते समोर आलेच नाहीत. खोक्याला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहिले.

"काका, आवाज बरा आहे का?"

"मांडवातल्या गोंगाटात कानाला काय कळून राह्यलं? पाठीला लागला, म्हंजे बराबर."

खोका जीपच्या टपावर बांधून झाला. निरोप घ्यायला दारात आलो, तेव्हा आत खोक्याच्या रिकाम्या जागेपुढं उभे असलेले काका सवयीनं मागं रेलले आणि तोल जाऊन अडखळले. भिंत हातभर मागं होती.

"घेऊन जा," ते म्हणाले. "जल्दी जा."