अमावस्येला केलेलं अर्थिंग

मी कोणाच्या शेतात लिंबू टाकलं नाही, कोणाच्या उंबऱ्यावर काळी बाहुली ठेवली नाही. मी शाळेच्या अंगणात खड्डा खांदला आणि त्यात मीठ आणि कोळसा भरला, कारण अर्थिंग तसंच करतात. तरी त्या गावात माझी ओळख काय, तर भानामती करणारा. आजही कोणी माझ्यासमोर तो शब्द काढला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली, सोडा ना आता. काय सोडू? नाव माझं गेलं, तिचं नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्याकडं खेड्यापाड्यांत तेव्हा नुकती लाईट येऊन राहिली होती. मी हिंगोलीच्या एका कचेरीत शाळांचा वायरमन होतो. लाकडी पट्ट्या ठोकून वायर ओढायची, बल्ब लावायचे, उंदरांनी कुरतडलेलं बदलायचं. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं, पुढं खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन पायी. आमचं घर बौद्धवस्तीतलं. खेड्यात पहिला प्रश्न कामाचा नसायचाच. "कोणाचा रे तू?" हा असायचा. उत्तर कळलं की प्यायचं पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. पण बल्ब पेटला की तीच माणसं "वायरमन, वायरमन" करत मागं फिरायची, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हे गाव सेनगावच्या अंगाला. शाळा तीन खोल्यांची, वर पत्रे, पुढं ओसरी आणि ओसरीला लोखंडी खांब. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवरून वायर गेलेली. अशा इमारतीला अर्थिंग नसेल तर मरण. कुठं वायर सोलली आणि करंट लोखंडात उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट पाहिजे. वाट नसली की तो हात लावणाऱ्या लेकराच्या अंगातून जातो. म्हणून माणूसभर खड्डा खांदायचा, तळाला तांब्याची प्लेट पुरायची, तिची तार वर आणून लोखंडाला बांधायची, आणि प्लेटभोवती मिठाचे आणि कोळशाचे थर द्यायचे. त्यानं जमिनीत ओल टिकते. वरून पाणी ओतायचं. एवढीच ती माझी करणी.

ते दिवस उन्हाळ्याचे. मुरूम फोडता फोडता हातांना फोड आले. खडेमीठ गावातल्याच दुकानातून घेतलं, कोळसा लोहाराकडून. शाळेचे मोठे गुरुजी सगळा वेळ माझ्याजवळ उभे होते. परगावचे माणूस, पाटलाच्या घरात भाड्यानं राहायचे.

"मीठ काहून रे?" त्यांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. "बराबर आहे," ते म्हणाले, आणि धोतर खोचून त्यांनी स्वतःच्या हातानं दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतलं. मला फार बरं वाटलं. दिवस मावळताना खड्डा बुजवला आणि शेवटची एसटी धरली.

त्या दिवशी अमावस्या होती म्हणे. आता मी काय पंचांग बघून कामाला जातो?

पुढच्या पंधरवड्यात पाटलाची दुभती म्हैस मेली. म्हैस मरायला काय कमी कारणं असतात? काही खाल्लं असेल, साप चावला असेल. पण गावाला एकच कारण सुचलं. तो खालच्या वस्तीतला वायरमन अमावस्येला, दिवस मावळता, मीठ आणि कोळसा पुरून गेला! पाटलानं खड्डा उकरायला लावला. मिठानं हिरवी पडलेली प्लेट वर आली आणि गावाची खात्रीच पटली. तार तोडली, प्लेट नदीत फेकली, खड्ड्यात लिंबं कापून टाकली आणि वर दगड रचले. मला कोणी एका शब्दानं कळवलं नाही.

सुट्टी संपून शाळा भरली. पाऊस सुरू झाला होता. पत्रा वाऱ्यानं हलून हलून वायर कुठंतरी अँगलला घासली होती. ओल्या पायांची लेकरं ओसरीच्या खांबाला धरायची आणि "मुंग्या आल्या, मुंग्या आल्या!" ओरडायची. लेकरंच ती, त्यांनी त्याचाही खेळ केला. एकमेकांचे हात धरून साखळी करायची आणि पुढच्यानं खांबाला शिवायचं. मग एक दिवस एक पोरगं खांबाला शिवलं ते फेकलंच गेलं, बराच वेळ शुद्धीवर आलं नाही. झालं! गाव म्हणालं, घ्या, करणी शाळेत शिरली.

आता काय म्हणावं या डोक्यांना! अर्थिंग उपटलं म्हणून लेकरांना झटके बसून राहिले होते, आणि झटके बसतात म्हणून अर्थिंग उपटलं ते बरंच केलं, असा त्यांचा हिशोब.

गुरुजींनी एसटीच्या कंडक्टरजवळ तोंडी निरोप धाडला, लौकर या, लेकरांना खांबाचे झटके बसतात. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. शाळेच्या अंगणात पाय ठेवला, दगडांचा ढिगारा पाहिला, तुटलेली तार पाहिली आणि प्लेट उपटली हे कळलं. लेकरं ओसरीवरच होती. मी कोणाला काही विचारलं नाही. पळत मेन स्विचपाशी गेलो आणि फ्यूज काढून खिशात घातला. आधी करंट बंद, मग बाकीचं. कोणत्याही वायरमननं हेच केलं असतं.

तोवर पाटील आणि निम्मं गाव जमलं होतं. एकानं भीत भीत खांबाला बोट लावलं. मग अख्खा पंजा लावला.

"गेलं की वो! ह्यो आला अन् गेलं!"

"मंग?" पाटील म्हणाला. "ज्यानं घातलं त्यालाच काढता येतं ना? काय रे, आमच्या लेकरांनी तुझं काय वाकडं केलं व्हतं?"

मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पाटील, हा करंट हाये. मी आताच लाईट बंद केली म्हणून थांबला. तुमी प्लेट काढली म्हणून तो खांबात आला. वायर कुठं घासली ते मला पाहू द्या, दुसरी प्लेट बसवू द्या, मंग पुन्हा चालू करून दाखवतो. कोण ऐकतो? मग मला गुरुजी दिसले, दाराच्या चौकटीला टेकून उभे. माझ्या जिवात जीव आला.

"गुरुजींना इचारा! ते समोर व्हते. त्यांनी सोताच्या हातानं पाणी ओतलं हाये!"

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. गुरुजींनी खाली पाहिलं. "मला त्यातलं काही माहीत नाही, पाटील," ते म्हणाले. "मी तेव्हा वर्गात होतो."

पाठीत बुक्की बसली ती त्यानंतर, आणि खरं सांगतो, ती तेवढी लागली नाही. एकानं कॉलर धरली. पाटील म्हणाला, "सगळ्यांसमोर कबूल कर. म्हण, मीच घातलं व्हतं, मीच काढून घेतलं. मंग जा तुझ्या वाटंनं."

दोन वाक्यं बोललो असतो तर सुटलो असतो. पण मला ठाऊक होतं, हे माझ्या तोंडून निघालं की मी वायरमन राहणार नाही. दर गावात माझ्याआधी तेच पोचणार. आमच्या घरात मी पहिला, ज्यानं हातात हत्यार घेऊन सरकारी काम केलं. मी म्हणलं, "मारायचं तर मारा. पण जे केलं न्हाई ते मी म्हणणार न्हाई." आणखी दोनचार बुक्क्या बसल्या. मी म्हणलो नाही. शेवटी वायरचं भेंडोळं ठेवून घेऊन मला गावाबाहेर काढलं.

फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो होतो. ओठ फुटला होता. मागून कोणीतरी घाईघाईनं येताना दिसलं. गुरुजी! मनात म्हणलं, आले, माफी मागायला आले. काय काय ऐकवायचं ते मी जुळवूनही ठेवलं.

ते जवळ आले, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यापुढं हात जोडले.

"माझी पोरगी चार दिवसांपासून तापानं फणफणली रे. डॉक्टरचं औषध चालू हाये, ताप हटत न्हाई. तेवढं काढून घे, बाबा."

मला आधी समजलंच नाही. "गुरुजी, तुमी? अहो, तुमीच पाणी ओतलं ना त्यात?"

"ओतलं, म्हणूनच तर भ्या वाटतंय," ते म्हणाले. "माझाबी हात लागला त्याला. माझ्याच पोरीवर आलं. मी पाया पडतो तुझ्या."

आणि ते खरंच वाकले. शाळेत पाणी वरून ओतून देणाऱ्यांतला तो माणूस माझ्या चपलेला हात लावायला वाकला. तोंडात आलेल्या सगळ्या शिव्या मी गिळल्या. त्यांचे डोळे सुजले होते, दाढी वाढली होती. मी त्यांना करंटचं पुन्हा काय सांगणार? एका बापाला काय सांगणार?

"काढलं, गुरुजी," मी म्हणलं. "जा घरी. पण औषध चालू ठेवा."

औषधानं पोरगी बरी झाली. गुरुजींनी आनंदाच्या भरात पाटलाला सांगून टाकलं, "त्यानं माझ्यापाशी कबूल केलं आणि काढून घेतलं." पाटलानं ते कचेरीत पोचवलं. साहेबानं मला समोर उभं करून विचारलं, "म्हणालास की नाही?" म्हणालो होतो, तर नाही कसं म्हणू? मला खेड्यांतल्या कामावरून काढून गोदामात बसवलं, बल्ब मोजायला. त्या शाळेत पुन्हा कोणी लाईट जोडली नाही.

पोरगी हिंडू-फिरू लागली, हे त्या कंडक्टरनंच मला स्टँडवर सांगितलं. ऐकून माझा जीव भांड्यात पडला, चक्क डोळ्यांत पाणी आलं. मार खाऊन जे बोललो नाही, ते त्या माणसासाठी बोललो, आणि त्यानं तेच नेऊन गावाला दिलं. त्याचा राग मला आहेच. पण उद्या तो पुन्हा तसाच फाट्यावर आला, तर मी पुन्हा तेच म्हणेन, आणि याचा राग मला त्याहून जास्त येतो.