चांद दिसायच्या आत एक खरं बिल

लूमखाली रुई साचते ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "मनीषा, त्या माळ्यावर बसून तुम्ही नक्की काय बनवता गं?" मी तिला ॲप दाखवायला गेले आणि सांगत बसले किस्सेच.

तर ऑफिस म्हणजे मी आणि फैजान, कॉलेजपासूनचे दोस्त. बनवतोय कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी बिल आणि पेमेंटचं ॲप, क्रिप्टोवर चालणारं. डॉलरला बांधलेलं नाणं, त्यामुळे भाव नाचत नाही. मध्ये बँक नाही, कंपनी नाही. बिल दोघांनी कबूल केलं की ठरल्या दिवशी पैसे आपोआप पोचतात. ऐकायला सोपं वाटतं. भिवंडीत करून बघा!

* * *

माळा फैजानच्या चाचांचा, म्हणजे हबीबचाचांचा. खाली त्यांचं सुताचं गोडाऊन. भाडं घेत नव्हते, पण पहिल्याच दिवशी त्यांनी आमची परीक्षा घेतली.

"याचा मालक कोण?"

"कोणीच नाही, चाचा. डिसेंट्रलाइज्ड आहे."

"मॅनेजर?"

"नाही."

"हेड ऑफिस?"

"तेही नाही."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "मग वांधा झाला तर भांडायचं कोणाशी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲपमध्ये आपला मोबाईल नंबर टाकला.

* * *

पुढे रमजान लागला तसे चाचा अटीवर आले. "ईदचा चांद दिसायच्या आत एक खरा बिल पास करून दाखवा. टेस्टिंगवाला नको. खरा माल, खरा पैसा. नाय जमलं तर खोली खाली करा, माझे सुताचे कोन पावसात भिजतात."

म्हणजे काय, तर फैजान जाणार अब्बांच्या लूमवर आणि मी ऐरोलीच्या नोकरीवर. ती नोकरी मी घेतलीच आहे असं आईनं आमच्या टेमघरभर सांगून ठेवलं होतं! "त्या लॉटरीतून बाहेर पड एकदाची," हे तिचं रोजचं पालुपद. मला नोकरीचा राग नव्हता हो. पण आपण एक गोष्ट उभी केली आणि ती कोणी एकदाही वापरली नाही, हे सहन होत नव्हतं.

* * *

खऱ्या बिलासाठी खरा विकणारा हवा. तो मिळाला, शकीलभाई. त्यांचे लूम आहेत आणि ते कशालाच नाही म्हणत नाहीत. त्यांना सांगितलं की ही सिस्टिम दिवसरात्र, बारा महिने चालते.

"शुक्रवारी पण?"

"शुक्रवारी पण."

"अरे, शुक्रवारी तर माझे लूम पण बंद असतात! इसको भी छुट्टी दो यार, गरम होईल."

* * *

आणि घेणारा, नवलशेठ. त्यांना टेस्टिंगचं बिल करून दाखवलं. मुदत आली, पैसे आपोआप शकीलभाईंकडे गेले. आम्ही टाळ्या पिटतोय आणि शेठ तोंड पाडून बसलेले!

"शेठ, काय झालं? बरोबर गेले की."

"गेले बेन, पण शकील आला नाही. वसुलीला येतो, अर्धा तास बसतो, चाय पितो, पोराच्या लग्नाचं सांगतो. आता कशाला येईल तो? माझं काय चुकलं?"

पेमेंट सोडवायला आम्ही किती डोकं फोडलं होतं! शेवटी फैजाननं वैतागून बिलाखाली एक बटण टाकलं, 'चहाला येतो'. दाबलं की समोरच्याला निरोप जातो. शपथेवर सांगते, अख्ख्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त तेच बटण दाबलं जातं.

* * *

आता बारा शब्दांचं ऐका. वॉलेट उघडलं की बारा शब्द मिळतात. तीच चावी. शब्द हरवले तर पैसे गेले, दुसऱ्याला कळले तरी गेले. शकीलभाईंना बजावून सांगितलं, "हे कधीही हरवणार नाही अशा ठिकाणी लिहून ठेवा."

आठवड्यानं भेटले, खुशीत. "कागद फाटतो, फोन चोरीला जातो. मी पक्का बंदोबस्त केला. कपड्यात विणले!"

सुटिंगच्या ताग्याच्या किनारीत कंपनीचं नाव विणलेलं असतं ना, तिथे कंपनीच्या नावाऐवजी आमचे बारा शब्द!

"तो कपडा कुठाय?" फैजाननं विचारलं.

"माल तर काल गेला. मार्केटला."

"सगळा? अहो, एक वीतभर पुरे होता!"

"मशीन थांबवायचं राहून गेलं."

वॉलेटमध्ये टेस्टिंगची नाणी होती म्हणून वाचलो. आजही कोणाच्या तरी पॅन्टच्या शिवणीत आमची चावी फिरत असेल.

* * *

त्यानंतर आम्ही साक्षीदार आणला. बारा शब्दांची भानगडच नको. प्रत्येकानं आपल्या विश्वासाचा एक माणूस नेमायचा. फोन गेला, बदलला, तर त्या माणसानं आपल्या फोनवर 'होय' दाबायचं, की खातं नव्या फोनवर उघडलं. कोणी कोणाला नेमलं ते आम्हालाही दिसत नाही. सत्ता एका हातात राहणार नाही! फैजाननं यावर छोटं भाषणही ठोकलं.

मग हळूहळू कळायला लागलं. शकीलभाईंनी नेमले वसंतकाका. नवलशेठनी नेमले वसंतकाका. ज्यानं ज्यानं ॲप घेतलं, त्यानं त्यानं वसंतकाका!

काका कापडाचे दलाल, टेमघरला आमच्याच गल्लीत राहतात. आयुष्यात कोणाचा शब्द इकडचा तिकडे केला नाही. आमची अख्खी विकेंद्रित व्यवस्था एका म्हाताऱ्याच्या शर्टाच्या खिशात!

"काका, आणि तुम्ही कोणाला नेमलंत?"

"तुला कशाला गं चोंबडे?"

ॲप हबीबचाचांच्याही फोनमध्ये होतं, पण एकटे तेच काकांचं नाव घेत नसत. मी लहान होते तेव्हा मालाच्या कुठल्याशा लॉटवरून दोघांचं बिनसलं. तेव्हापासून बोलणं बंद. चाचा त्यांना 'तो टेमघरवाला' म्हणतात.

* * *

आणि आला तो दिवस. संध्याकाळी चांद दिसायची शक्यता. शकीलभाईंचा माल शेठच्या दुकानात पोचला होता, बिल बनलं होतं, शेठनी फक्त 'कबूल' दाबायचं होतं. दुपारी शेठचा फोन. "बेन, गुड न्यूज! नवीन मोबाईल घेतला. जुना दिला एक्स्चेंजमध्ये."

मी कपाळावर हात मारला. खातं बंद! आता काकांचं 'होय' हवं. काकांना फोन लावला तर लागेना. काकू म्हणाल्या, "गुडघे धरलेत म्हणून वज्रेश्वरीला गेलेत, गरम पाण्यात बसायला."

फैजाननं रोज्याच्या पोटी स्कूटर काढली. मी गोडाऊनमध्ये चाचांसमोर बसून राहिले. चाचा खजूर मांडत होते आणि सुताचे कोन माळ्यावर कुठे रचायचे ते हमालाला समजावत होते. मला रडू यायला लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

शेवटी फैजानचा फोन आला. "काका भेटले! पण त्यांचा मोबाईल कुंडात पडलाय. मेला! माझ्या फोनवर त्यांचं खातं उघडतोय, पण त्याला त्यांचा साक्षीदार पाहिजे."

"कोण आहे साक्षीदार?"

"सांगत नाहीत! नुसतं म्हणतात, पाठव."

आणि टेबलावर चाचांचा फोन वाजला.

चाचांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'वसंत यांनी तुम्हाला साक्षीदार नेमलं आहे. मागणी त्यांचीच आहे ना?'

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

"कोण?"

"मी," पलीकडून काका म्हणाले.

चाचांनी 'होय' दाबलं. मग काकांचं 'होय' गेलं, शेठचं खातं उघडलं, शेठनी 'कबूल' दाबलं, आणि माझ्या लॅपटॉपवर बिल हिरवं झालं. मी खुर्चीवर चढून ओरडले! तेवढ्यात वर गच्चीवरची पोरं ओरडायला लागली, "चांद! चांद!"

चाचांची नजर काही आपल्या फोनवरून हटेना.

"बेटा," ते म्हणाले, "तो चायचा बटन कुठाय?"